कोबेतला एक दिवस

मुलगा ओसाकाला नोकरीला लागला तेव्हापासून त्याचा आग्रह चालू होता. गेल्या नोव्हेंबरात आम्ही तिघे, म्हणजे मी, हे आणि माझ्या सासूबाई, त्याच्याकडे दहा दिवस राहून आलो. त्यातला एक दिवस कोबे शहरासाठी ठेवला आणि त्या दिवसापुरती फक्त आपल्यासाठी म्हणून एक गाईड घेतली. साकीनाक्याला परतल्यावर नात्यातल्या काहींनी नाक मुरडले. "मुलगा तिथेच राहतो, मग गाईडला पैसे कशाला?"

कशाला, ते सांगते. अम्मींचे वय पंच्याहत्तर, गुडघे दुखरे. टूरच्या बसबरोबर धावणे त्यांना जमत नाही, आणि बस जोहरसाठी थांबत नाही. नोव्हेंबरात तिथे मगरीब पाचच्या सुमारास होते, त्यामुळे दिवस हातात फार थोडा असतो. जपानमध्ये गाईडसाठी सरकारी परीक्षा आहे. 2018 पासून परवाना नसलेल्यांनाही पैसे घेऊन हे काम करता येते, म्हणून आधी विचारून घेतलेले बरे. हौसेने फुकट शहर दाखवणारी मंडळीही तिथे आहेत. त्यांचा प्रवासखर्च, तिकिटे आणि जेवण तेवढे आपण करायचे. आम्ही परवानाधारक बाई घेतली आणि चढावासाठी काही तास टॅक्सी.

या बाईंनी आठवडाभर आधीच मुलाला विचारून ठेवले होते: नमाज किती वाजता, वुजूला जागा लागेल का, जेवणात काय चालत नाही. मिरिन नावाची गोड दारू तिथल्या साध्या भाजीच्या रश्श्यातही असते, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळले. 'शाकाहारी' अशी पाटी वाचून जेवायला बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. कोबे बीफ जगप्रसिद्ध आहे, पण जनावर हलाल पद्धतीने कापलेले आहे का, हे विचारल्याशिवाय आम्ही त्याच्या वाटेला गेलो नाही.

ओसाकाहून रेल्वेने अर्ध्या तासात सान्नोमिया स्टेशन आले. तिथून वर डोंगराच्या पायथ्याशी कितानो हा भाग. 1868 मध्ये कोबे बंदर परदेशी जहाजांना खुले झाले. पुढे जे परदेशी व्यापारी आले, त्यांचे बंगले इथे अजून जपून ठेवलेत. बंगले पाहिले, फोटो काढले, त्याबद्दल जास्त सांगण्यासारखे नाही. आम्हाला ओढ होती ती तिथून जवळच असलेल्या मशिदीची.

कोबेची मशीद 1935 ची, जपानमधली पहिली. भारतीय आणि तातार मुस्लिम व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून ती बांधली. वास्तुरचनाकार चेक होता. इतक्या लांब आपली माणसे कशी पोहोचली, याचे उत्तर आपल्याच मुंबईत आहे. 1893 मध्ये जमशेटजी टाटांच्या सहकार्याने एका जपानी कंपनीने मुंबई-कोबे अशी थेट बोट सुरू केली. इथून कापूस जायचा. कापसाच्या मागोमाग माणसे गेली.

जोहर तिथेच झाली. नमाज आटोपून बाहेर आल्यावर गाईडबाईंनी सांगितले की 1945 च्या बॉम्बवर्षावात आजूबाजूचे शहर जळाले, तरी मशीद उभी राहिली. 17 जानेवारी 1995 ला पहाटे 5 वाजून 46 मिनिटांनी भूकंप झाला, त्यातही ती उभी राहिली. त्या भूकंपात 6,434 माणसे गेली.

मुलाने हे मराठीत सांगितले आणि अम्मी तिथल्या पायरीवर बसल्या.

आमचे सासर किल्लारीजवळचे. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. अम्मी अंगणात झोपल्या होत्या, माझी नणंद आत. तिला मी कधीच पाहिले नाही, तिचा फोटोही घरात नाही. हे तेव्हा खैरानी रोडवर एका कारखान्यात कामाला होते. त्यांनी अम्मींना मुंबईला आणले ते कायमचेच. आमच्या डोक्यावरून विमान खाली उतरू लागले आणि खिडकीची तावदाने थरथरली की अम्मी आजही रात्री उठून बसतात. त्या पहाटेबद्दल मात्र त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या.

"इथली घरं कशाची व्हती? दगडाची?" त्यांनी मुलाला विचारले.

गाईडबाई म्हणाल्या, जुनी घरे लाकडाची होती, वर जड कौले. लोक झोपेत होते, घरे बसली ती त्यांच्या अंगावर. त्यांच्या आजीचे घरही तसेच गेले.

"आमचं माळवद व्हतं," अम्मी म्हणाल्या. "दगडमातीच्या भिती, वर मातीचा थर. दरसाल पावसाळ्याआधी मीच माती टाकायची त्याच्यावर. गळू नये म्हणून."

मुलाने हे जपानीत सांगितले. गाईडबाई काही बोलल्या नाहीत. त्या अम्मींच्या शेजारी पायरीवर बसल्या. टॅक्सी थांबून होती, मीटर चालू होता, पण कुणी घाई केली नाही.

दुपारी मशिदीजवळच्या हलाल हॉटेलात जेवलो आणि मग बंदरावर गेलो. मेरिकेन पार्कात भूकंपाने मोडलेला धक्क्याचा एक तुकडा होता तसाच ठेवला आहे. फरशी खचलेली, दिव्याचे खांब कललेले. त्याच्या मागे 108 मीटर उंचीचा लाल टॉवर चकचकीत उभा. अम्मींनी टॉवरकडे पाहिलेसुद्धा नाही. कठड्याला धरून त्या मोडक्या धक्क्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पडलेली इमारत आणि उभी राहिलेली इमारत यांत फरक काय, असे विचारले. गाईडबाईंनी सांगितले की जपानने 1981 मध्ये बांधकामाचे नियम कडक केले. त्यानंतरच्या इमारती 1995 ला बहुतेक टिकल्या. तिथे घर भाड्याने घेतानाही लोक आधी साल विचारतात.

परतीच्या गाडीत अम्मींनी नातवाला विचारले, "तुझी इमारत कोणत्या सालची?"

त्याने फोनवर भाडेकरार काढून पाहिला. "2006 ची, दादी."

अम्मींनी मान डोलावली. थोड्या वेळाने ह्यांच्याकडे वळल्या. "आणि आपली?"

साकीनाक्याची आमची चाळ कोणत्या सालची, हे ह्यांना माहीत नव्हते. मलाही नाही. खालचा मजला जुना, वरचे दोन नंतर चढवलेले. मुंबईत उतरल्यावर त्या आठवड्यात ह्यांनी घरमालकाला फोन लावला. त्याने कागद शोधून सांगतो म्हटले आहे. अम्मी रोज जेवताना विचारतात, त्याचा फोन आला का.