आमच्या अंगणातल्या गाड्या

आमच्या पिढीच्या अंगणात कोरी गाडी कधी आली नाही. जी आली ती आधी मुंबईत, ठाण्यात किंवा नव्या मुंबईत कुणीतरी वापरलेली होती, आणि तरीही ती आली त्या दिवशी घरात सण झाला. पेणजवळच्या गडब गावात एका वाड्यात वाढलेली आम्ही चुलत-आते भावंडं आज साठीच्या अलीकडे-पलीकडे आहोत. आमची लग्नं, बाळंतपणं, दवाखाने, देवदर्शनं सगळी अशाच गाड्यांतून झाली. आता पुढच्या पिढीने अंगणात आणून उभी केली आहे तीही वापरलेलीच, पण हायब्रिड. तिच्यामुळे मागच्या सगळ्या गाड्या पुन्हा घरात बोलण्यात आल्या.

आम्ही पाटीवर लिहायला शिकलो तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. रायगड झालं ते 1981 साली. मुंबई-गोवा हायवे गावाला लागूनच जातो, त्यामुळे गाड्या दिवसरात्र दिसायच्या, पण आमच्या वाट्याला यायची ती पेणची एसटी. ती भरून आली की थांबायचीच असं नव्हतं. 1986 मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत गेली आणि कासूच्या स्टेशनवरून पॅसेंजर धरायची सोय झाली. मग तीनचाकी मिनीडोर आल्या. पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना माणसं, मागे समोरासमोर गुडघे लावून बसलेल्या बायका, पायांत भाजीच्या टोपल्या आणि सुकटीच्या पिशव्या. वडखळपर्यंत जायला ही मिनीडोर फार मोठा आधार होती. रात्री मात्र काहीच नसायचं. रात्री पोटात कळा सुरू झालेल्या बाईला पेणला कसं न्यायचं, ही त्या काळी खारेपाटातल्या, म्हणजे आमच्या खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, प्रत्येक घराची काळजी होती.

या काळजीपोटीच आमच्याकडे पहिली गाडी आली. थोरले चुलते, नाना, मुंबईत गोदीत कामाला होते. त्यांनी गिरगावातल्या एका डॉक्टरांची फियाट घेतली. कागदावर ती प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली. पण फियाट हेच नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ असल्यामुळे पुढे अख्खं बाकडं मोकळं मिळायचं आणि त्यावर आम्ही पोरं दाटीवाटीने बसायचो. गाडी आली त्या संध्याकाळी आईने आणि काकीने औक्षण केलं, नारळ फुटला, आणि आत्याने चाकांवर पाणी घातलं. नानांनी चावी माजघरातल्या खिळ्याला लावली आणि सांगून ठेवलं, आळीत कुणाला अडचण आली तर विचारत बसू नका, गाडी काढा. तो खिळा अजून तिथेच आहे.

पावसाळ्यात फियाट रुसायची. इंजिनात ओल शिरली की कितीही चावी फिरवा, नुसती घरघर. मग नाना बोनेट उघडून कोरड्या फडक्याने डिस्ट्रिब्यूटरची टोपी पुसायचे आणि आम्हाला हाक मारायचे. गाडीशी आमच्या पिढीची पहिली ओळख ती ढकलण्यातून झाली. चिखलात पाय रोवून, सगळ्यांनी एकदम जोर लावून ती सुरू झाली की पोरं ओरडायची आणि मागच्या मागे धावत चढायची. ज्यांना पुढे गाडी चालवता आली आणि ज्यांना कधीच आली नाही, त्या दोघांनाही तो धक्का देण्याचा आनंद सारखाच आठवतो.

नानांकडून आम्ही शिकलो ती गाडी पारखायची विद्या. खारेपाटात पत्रा आधी जातो. समुद्राची खारी हवा, भरतीचं पाणी, चार महिने ओल. गाडी दिसायला चकचकीत असली तरी खालून चाळणी झालेली असू शकते. म्हणून नाना कुठलीही गाडी बघायला गेले की रंगाकडे न बघता आधी गोणपाट अंथरून खाली वाकायचे. दरवाजाच्या कडा, चाकांच्या वरची कमान, डिकीतल्या स्टेपनीखालचा खळगा बोटाने चाचपायचे. 1989 च्या जुलैत अंबा नदीच्या पुराने जांभूळपाड्यात हाहाकार उडवला. त्यानंतर पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची याचीही त्यांनी भर घातली: चटई उचला, सीटखाली हात घाला, बारीक गाळ लागला तर विसार देऊ नका. पुढे सीट बेल्ट आले तेव्हा त्यांनीच सांगितलं, पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा, पुराचा डाग तळाशी राहतो.

फियाटनंतर मारुती 800 आली. ही गाडी देशात 1983 च्या डिसेंबरात आली, पण आमच्या अंगणात यायला तिला बरीच वर्षं लागली, आणि आली तीही दुसऱ्या हातून. चावी फिरवली की सुरू व्हायची, म्हणून घरातल्या मुली आणि सुना या गाडीवर चालवायला शिकल्या. धाकटी काकी नऊवारीचा काचा मारून शिकली आणि शेतावरच्या गड्यांचं जेवण गाडीतून बांधावर पोचवू लागली. मधल्या काळात डोलवीला पोलादाचा आणि नागोठण्याला पेट्रोरसायनांचा कारखाना झाला, घरातली मुलं पाळीवर जाऊ लागली आणि घरात पगार आला. मग डिझेलची सात जणांची गाडी आली. हळदीच्या रात्री पाहुणे आणणं-पोचवणं, पेणहून गणपती आणणं, चैत्रात एकविरेला कार्ल्याला जाणं, सगळं तिच्यावर. गणपती आणताना मूर्ती मांडीवर घेऊन बसायचा मान घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईचा, आणि ड्रायव्हरने एकही खड्डा चुकवायचा सोडायचा नाही, ही ताकीद.

खड्ड्यांचं बोलायचं तर, पळस्पे ते इंदापूर हायवे रुंद करण्याचं काम 2011 मध्ये सुरू झालं आणि ते लांबत गेलं. वडखळच्या नाक्यावर अलिबागची आणि गोव्याची वाहतूक एकत्र यायची. गणपतीत, मे महिन्यात तिथे तासन् तास चाक हलायचं नाही. इंजिन चालू ठेवून आमच्या गाड्यांनी तिथे किती इंधन जाळलं असेल! आजारी माणूस गाडीत असला की ती कोंडी जिवावर यायची. हायब्रिडचा विषय आमच्या घरात निघाला तो याच कोंडीमुळे.

पुतण्या रोज पेण-पनवेल करतो. त्याने सांगितलं की 2022 साली मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर अशा दोन गाड्या आल्या, दोन्हींत हायब्रिडचा प्रकार आहे आणि आता त्या वापरलेल्या मिळू लागल्या आहेत. अशी गाडी बाहेरून चार्ज करावी लागत नाही. पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही आत असतात, आणि कधी कुणी चालायचं ते गाडीच ठरवते. थांबलेल्या, रांगणाऱ्या गर्दीत इंजिन बहुतेक वेळ बंद राहतं आणि मोटर गाडी पुढे सरकवते. ब्रेक दाबला की मोटर उलट काम करून वीज बनवते आणि ती बॅटरीत जाते. साध्या गाडीत हीच ताकद ब्रेक तापवण्यात वाया जाते. भाकऱ्या झाल्यावर आई चुलीतल्या उरलेल्या निखाऱ्यांवर बोंबील भाजून घ्यायची आणि मागून पाण्याचं तपेलं ठेवायची. वाया जाणारी आच अशी वापरायची सवय असल्यामुळे घरातल्या बायकांना ही गोष्ट आमच्या आधी समजली.

टोयोटाने प्रियस ही मोठ्या प्रमाणावर बनवलेली पहिली अशी गाडी जपानमध्ये 1997 च्या डिसेंबरात विकायला काढली. म्हणजे हे तंत्र आमच्या मारुतीच्या काळापासून जगात रुळलेलं आहे. आपल्याकडे ते महाग राहिलं, कोऱ्या गाडीवरचा करही जड राहिला. म्हणून आमच्यासारख्या घरात ते येणार ते दुसऱ्या हातूनच, हे ठरल्यासारखं होतं. ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिड प्रकाराचा कंपनीने सांगितलेला ॲव्हरेज लिटरला 27.97 किलोमीटर आहे. रस्त्यावर त्याहून कमी मिळतो, पण विशेष हे की आमची गाडी कोंडीत जास्त ॲव्हरेज देते आणि मोकळ्या हायवेवर भरधाव नेली की कमी. आयुष्यभर आम्ही याच्या उलट बघत आलो.

घ्यायच्या आधी आम्ही भावंडं मिळून गाडी बघायला गेलो, आणि नानांची विद्या जशीच्या तशी वापरली. पत्रा चाचपला, चटई उचलली, पट्टा ओढला. 2021 च्या जुलैत महाड आणि चिपळूण बुडाल्यापासून कोकणात या तपासणीचं महत्त्व आणखी वाढलं आहे, आणि मोठ्या बॅटरीच्या गाडीत तर ती सोडूच नये. नवी भर पुतण्याने घातली. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन मोठ्या बॅटरीची तपासणी करून घेतली आणि तिचा कागद हातात घेतला. या बॅटरीला 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटी असते, तिची किती मुदत उरली आहे आणि ती नव्या मालकाला लागू आहे का, हे लेखी घेतलं. सर्व्हिसच्या नोंदी पहिल्यापासून सलग आहेत का ते पाहिलं. गाडी नवी मुंबईची, म्हणून तिकडचा नाहरकत दाखला आणि नाव बदलण्याचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म पेणच्या आरटीओत दिले. राज्य एकच असल्याने नंबर तोच राहिला.

गाडी आली त्या दिवशी पुन्हा औक्षण झालं. आत्या आता नव्वदीकडे आली आहे, तिला पुढच्या सीटवर बसवलं. गाडी अंगणातून हायवेकडे सरकली तरी इंजिनाचा आवाज नाही. आत्या म्हणाली, "गारी चालू हाय का बंद परली रं?" पुतण्या म्हणाला, "चालू हाय आत्ये, ही अशीच जाते." वडखळपर्यंत ती कान देऊन बसली होती. परत आल्यावर तिने सगळ्यांना सांगितलं की या गाडीत कंबर दुखत नाही. त्यानंतर दवाखान्याला जायचं म्हटलं की ती आपणहून तयार होऊन बसते.

गाडी वापरायला लागल्यावर काही गोष्टी अंगवळणी पडल्या. मोठ्या बॅटरीला थंड हवा लागते. ती आत घेणारी जाळी अशा अनेक गाड्यांत मागच्या सीटजवळ असते, म्हणून आमच्याकडे तिच्यावर पिशवी ठेवायची नाही असा नियम झाला. बॅटरीमुळे डिकी लहान आहे. तांदळाचं पोतं एकच बसतं. ब्रेक कमी झिजतात, पण खाऱ्या दमट हवेत डिस्कवर गंज धरतो, म्हणून पावसाळ्यात गाडी रोज थोडी फिरवावी लागते. साधी 12 व्होल्टची लहान बॅटरी हिच्यातही आहे, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर तीच आधी उतरते. ही गाडी धक्का मारून सुरू होत नाही. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी वायरींना गावच्या फिटरने हात लावायचा नाही, त्यात जिवाला धोका असतो. एकविरेहून घाट उतरताना बॅटरी भरत जाते, आणि ती पूर्ण भरली की इंजिनाचा आधार घ्यावा लागतो. त्यासाठी गिअरमध्ये ‘बी’ अशी जागा दिलेली आहे. हे सगळं आता घरातल्या पोरींनाही पाठ आहे.

आमच्या पिढीला कोऱ्या गाडीची हौस करता आली नाही, पण कुणीतरी जपून वापरलेली वस्तू पारखून घ्यावी, ती आपण आणखी जपावी आणि अडल्यानडल्याला तिचा उपयोग व्हावा, एवढं आम्ही पुढे पोचवलं. वापरलेली हायब्रिड आमच्या भागासाठी चांगली गाडी आहे, हे आम्ही वापरून सांगतो. ज्यांचं रोजचं जाणं-येणं गर्दीतून आहे त्यांनी तिचा जरूर विचार करावा. बॅटरीचा कागद, वॉरंटी आणि खालचा पत्रा बघितल्याशिवाय मात्र विसार देऊ नये. आणि गाडी घेतलीत की चावी घरात सगळ्यांना सापडेल अशा जागी ठेवा, कारण आळीत रात्री-अपरात्री गाडीची गरज अजूनही पडते.