बाटलीचा भाव

महाराष्ट्रात वाइन शॉपचे नवे परवाने देणं 1970च्या दशकात थांबलं. त्यामुळे अलिबागसारख्या गावात असं दुकान हाती येतं ते बहुतेक वारशानेच. मामांचे गुडघे बोलायला लागले आणि मी पुण्याची नोकरी सोडून गल्ल्यावर बसले. व्हिस्की-बीअरचं काही अवघड नव्हतं. गिऱ्हाइकाला नाव पाठ, भाव पाठ. गोंधळ उडाला तो कोपऱ्यातल्या वाइनच्या रॅकपाशी. एकाच जातीच्या द्राक्षाची, सारख्याच मापाची बाटली. एक आठशेला आणि शेजारची पाच हजारांना. यातली कुठली महाग आणि कुठली रास्त, हे कशावरून ठरवायचं?

हा प्रश्न मला शनिवारी छळतो. मांडव्याला बोटी लागतात. 2020 पासून तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाड्याच उतरतात. किहीम, आवास, झिराडच्या बंगल्यांकडे निघालेली माणसं वाटेत दुकानात डोकावतात आणि मोबाइल माझ्यापुढे धरतात. "ताई, ही तिकडे पंधरा युरोला आहे. तुम्ही पाच हजार कसे लावता?" भाव मी लावलेला नसतो, एमआरपी छापून आलेली असते. पण एवढंच सांगून गप्प बसणं मला पटेना. बाटली माझ्या हातून विकली जाणार, तर तिचा हिशेब मला ठाऊक हवा.

म्हणून कागद घेऊन बसले. परदेशी वाइन बऱ्याचदा उतरते आपल्याच उरणच्या न्हावा-शेव्यात. बंदरात हजार रुपयांना पोचलेल्या बाटलीवर दीडशे टक्के सीमाशुल्क लागतं. 2021च्या अर्थसंकल्पात त्याची विभागणी बदलली, पन्नास टक्के मूळ शुल्क आणि शंभर टक्के कृषी अधिभार अशी झाली. बेरीज तीच राहिली. म्हणजे फाटकाबाहेर पडतानाच ती अडीच हजारांची झालेली. त्यावर आयातदार, राज्याचं शुल्क, डिस्ट्रिब्युटर, व्हॅट, आणि शेवटी आम्ही. शिवाय युरोपातले बरेच व्यापारी उंची वाइनचा भाव कर न धरता सांगतात. करमुक्त गोदामातून माल सोडवताना तो वेगळा भरावा लागतो. मोबाइलवरचा आकडा आणि माझ्या रॅकवरचा आकडा ही तुलनाच होत नाही.

नाशिकच्या बाटलीचं गणित उलटं. राज्याने 2001 साली द्राक्ष-वाइन धोरण आणलं, इथल्या वाइनला उत्पादन शुल्कात मोठी सूट दिली. तिची किंमत कमी आहे ती करामुळे, दर्जामुळे नव्हे, आणि हे समजल्यावर माझा हात सुटला. परदेशी लेबल म्हणजे भारी असं धरून बसलेल्या गिऱ्हाइकाला मी आता न संकोचता दिंडोरीची किंवा अकलूजची बाटली पुढे करते.

पण मग भारी म्हणजे काय, हे राहिलंच. मामांनी ते मला वडखळच्या रस्त्यावर दाखवलं. पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या, एक दीडशेला, एक अडीचशेला. "अगं, आधी विचार, कांदा कुठल्या शेतातला," ते म्हणाले. "मग बघ, वेणी सुकी आहे का. मग भाव." अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तरी बाहेरचा कांदा त्याच नावाने खपतोच. वाइनचंही तेच: गाव, साल, आणि बाटलीने सोसलेलं हवामान.

मूळ गावाला मोल असणं या किनाऱ्याला नवीन नाही. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तकात चौलचं नाव सेमिल्ला असं येतं. आणि भडोच बंदरात येणाऱ्या मालाच्या यादीत वाइन आहे, तीही इटलीची असली तर जास्त पसंत. घारापुरीला रोमन अँफोरांची खापरं मिळाली आहेत. तेव्हाही कोणीतरी रांजण हुंगून भाव केला असेल.

हवामानाचा मुद्दा मला किहीमच्या एका बंगल्यात नीट उमगला. वडील गेल्यावर मुलाला त्यांच्या कपाटात जुन्या फ्रेंच बाटल्या मिळाल्या. "दुकानात ठेवून विका, वाटून घेऊ," म्हणाला. ते शक्यच नव्हतं. आमच्याकडे माल येतो तो परवानाधारकाकडूनच, आणि त्याची एक्साइजच्या रजिस्टरला नोंद होते. घरची बाटली विकायला घेणं हा गुन्हा आहे. पण निदान किंमत तरी सांगा, असा आग्रह झाला.

बोर्दोची एक बाटली मी खिडकीपाशी नेली. साल चांगलं होतं, घराणं नावाजलेलं. इंटरनेटवर तिचा भाव डोळे फिरवणारा. मात्र वाइनची पातळी मानेतून उतरून खांद्याच्या मध्यावर आलेली. टोपणाची पातळ पन्नी अंगठ्याने फिरवून पाहिली तर फिरेना. खाली चिकट, काळपट ओघळ वाळलेला. बूच कडेशी किंचित वर आलेलं. लेबलवर कित्येक पावसाळ्यांची बुरशी. अशा वाइनला बारा-चौदा अंशांचा गारवा लागतो, बाटली आडवी लागते; ही मेच्या उकाड्यात वर्षानुवर्षं उभी होती. लिलावात हीच बाटली कुठून आली, कशी ठेवली याचा कागद मागतात. मी स्पष्ट सांगितलं: इंटरनेटवरचा भाव नीट जपलेल्या बाटलीचा आहे, या बाटलीचा नाही. त्याला वाईट वाटलं. मलाही वाटलं. वडिलांनी ती जपलीच होती, फक्त जागा चुकीची होती.

तेव्हापासून दुकानात मी पाठीमागच्या लेबलवरचा महिना आधी बघते. साधी व्हाइट वाइन दोन उन्हाळे इथे काढून झाली असेल तर तिची छापील किंमत मला रास्त वाटत नाही. एमआरपी ही वरची हद्द आहे, त्याखाली यायला कोणी अडवलेलं नाही. रंग सोनेरीवरून तपकिरीकडे झुकला असेल तर बाटली रॅकवरून उतरते. मेमध्ये महागडी पेटी मागवणं बंद केलंय, आणि चांगल्या बाटल्यांसाठी छोटा वाइन कूलर घेतलाय. त्याच्या विजेचा खर्च भावात धरायचा की आमच्या नफ्यातून द्यायचा, यावर मामांचं आणि माझं अजून जमत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या बाटल्यांचा उलगडा मात्र व्हायचाय. 29 डिसेंबर 2022 पासून त्या देशाशी करार लागू आहे. आयात किंमत पाच डॉलरच्या वर असेल तर शुल्क दीडशेवरून शंभर टक्क्यांवर आलं, पंधरा डॉलरच्या वर असेल तर पंचाहत्तरवर, आणि पुढे ते टप्प्याटप्प्याने आणखी उतरायचं आहे. यातलं किती गिऱ्हाइकापर्यंत पोचलं, हे मला स्टिकरवरून कळत नाही. डिस्ट्रिब्युटर आयातदाराकडे बोट दाखवतो. पुढच्या पेटीच्या ऑर्डरआधी मी त्याच्याकडे बंदरातली किंमत लेखी मागितली आहे.