नांवांतला दोष

शब्द चुकला म्हणजे केवळ भाषा बिघडते असें नव्हे. त्या शब्दावर भरंवसा ठेवून वागणाऱ्याचें नुकसानही होतें. याचें एक उदाहरण संगणकशास्त्रांत आमच्या वाचनांत आलें, तें वाचकांपुढें ठेवावेसें वाटतें.

सी शार्प नांवाची एक संगणकभाषा आहे. तींतील आज्ञावली चालू असतां ज्या अनेक ‘वस्तू’ निर्माण होतात, त्यांचें काम सरल्यावर त्यांची जागा कचरा वेंचणारी यंत्रणा मोकळी करते. तत्पूर्वीं वस्तूचें कांहीं शेवटचें कर्तव्य उरलें असल्यास तें एका विधींत लिहून ठेवतां येतें. या विधीस प्रथम ‘डिस्ट्रक्टर’ म्हणत. हें नांव सी प्लस प्लस या वडील भाषेचें. तेथें वस्तूची मर्यादा संपतांच तो विधि नेमका घडतो. सी शार्पमध्यें मात्र तो केव्हां घडेल हें यंत्रणेच्या मर्जीवर! नांव तेंच म्हणून फलही तेंच, असें जुन्या जाणकारानें मानलें तर त्यास दोष कसा द्यावा? फाइल आपोआप मिटेल या विश्वासावर तो स्वस्थ बसावा, आणि अखेरचा मजकूर तींत उतरूंच नये!

या भाषेच्या प्रमाणग्रंथाच्या २००६ सालच्या आवृत्तींत ‘फायनलायझर’ हें नवें नांव आहे, आणि जुन्या नांवानें गैरसमज होत असे अशी टीपही आहे. पुढें २०१६ सालीं डॉट नेट कोअर ही नवी यंत्रणा आली. आज्ञावली संपतेवेळीं राहिलेले विधि उरकण्याचा यत्न जुनी यंत्रणा करी. नवी तोही करीत नाहीं. तसें तिच्या माहितीपत्रकांत आतां स्पष्ट सांगितलें आहे. फाइल मिटावयाची तर ‘डिस्पोज’ या आज्ञेनें ती वेळींच आपण मिटावी.

कोणी म्हणेल, अशा दुरुस्तीनें ग्रंथाची प्रतिष्ठा जाते. आम्हांस तसें वाटत नाहीं. सूत्रांत काय सांगितलें, काय राहिलें व काय चुकीचें सांगितलें, याचा विचार करणें हेंच वार्त्तिककाराचें काम. कात्यायनानें तें केलें म्हणून पाणिनीचा मान उणा झाला नाहीं.

आम्हां वृद्धांस मात्र यांत आणखीही एक सूचना दिसते. मागाहून मुलें सर्व निस्तरतील, हा भरंवसा गोड खरा. पण ठेवींच्या पावत्या कोठें आहेत, कोणाचें देणें उरलें आहे, हें त्यांस कोण सांगणार? आम्हीं अशी यादी करून वडील चिरंजीवांच्या हवालीं केली आहे. प्रथम ती घेतांना ते संकोचले. मग शेजारीं बसून त्यांनीं ती ओळीनें वाचली, आणि दोन गोष्टी नीट समजावून घेतल्या.