हे पान कोणाच्या हातचे?

जर्मन चिद्वाद्यांचे कलाविषयक तत्त्वज्ञान वाचायचे तर सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारतेच. विचारणारे दोन प्रकारचे असतात. पहिले नेट-सेटवाले. त्यांना चार ओळींत कांट आणि चार ओळींत हेगेल हवा असतो, आणि तो बाजारातल्या कुठल्याही गाईडमध्ये मिळतो. त्यासाठी माझी गरज नाही. दुसरे थोडे असतात. चित्रकला शिकून बाहेर पडलेली एखादी मुलगी, बँकेतून निवृत्त झालेले आणि रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ अर्ध्यावर ठेवलेले एखादे गृहस्थ, शंका गप्प बसू देत नाहीत असा एखादा विद्यार्थी. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

त्यांनाही मी लगेच पुस्तकांची नावे सांगत नाही. आधी एक सवय लावून घ्या म्हणतो. कुठलेही पान वाचण्यापूर्वी ते कोणाच्या हातचे आहे, याची चौकशी करा. या विषयात ती फार लागते. १७९० ते १८३० या चाळीसेक वर्षांत जर्मनीत कलेविषयी जे वजनदार विचार मांडले गेले, त्यांतला मोठा भाग लेखकांनी स्वतः छापलेलाच नाही. कुणाची व्याख्याने मुलाने छापली, कुणाची शिष्याने. एक कागद तर असा आहे की हस्ताक्षर एकाचे आणि विचार कदाचित दुसऱ्याचेच.

कांटपुरती ही चिंता नाही. ‘क्रिटीक ऑफ जजमेंट’ १७९० साली त्याने स्वतःच्या देखरेखीखाली प्रसिद्ध केले. इथे अडचण वेगळी आहे. वाचक पहिल्या पानापासून प्रामाणिकपणे सुरुवात करतो आणि प्रस्तावनेतच गारद होतो. नमनाला घडाभर तेल हे कांटचे जुने दुखणे. या ग्रंथासाठी त्याने लिहिलेली पहिली प्रस्तावना इतकी लांबली की ती बाजूला ठेवून त्याला दुसरी लिहावी लागली, आणि ही दुसरीही काही लहान नाही. पहिल्या वाचनात ती खुशाल सोडावी. कलम १ ते ९ वाचावीत, मग एकदम ४२व्या कलमावर जावे, ४३ ते ४९ सलग वाचावीत आणि ५९वर थांबावे. मधला ‘डिडक्शन’चा भाग दुसऱ्या फेरीला. उदात्ताचे प्रकरणही मी मागेच ठेवतो, कारण त्यात शिरलेला वाचक कलेकडे लवकर परत येत नाही.

४२वे कलम मी मुद्दाम सांगतो. तिथे एका खोडकर खानावळवाल्याची हकिगत आहे. गावाकडची हवा खायला आलेल्या पाहुण्यांना उन्हाळ्यातल्या शांत चांदण्या रात्री नाइटिंगेलचे गाणे ऐकायचे असते, पण आसपास पक्षी नाही. तेव्हा हा गडी एका व्रात्य पोराला झुडपात लपवतो. तोंडात बोरूसारखी काडी धरून तो पोरगा हुबेहूब पक्ष्यासारखा गातो. पाहुणे खूश. पण लबाडी कळली की तेच गाणे कुणी क्षणभरही ऐकून घेत नाही.

आता गाईडमधला कांट आठवा. सौंदर्याचा आनंद हितसंबंधांपासून अलिप्त, संकल्पनेविना, केवळ आकारावर विसंबलेला. तसे असेल तर स्वर तेच, लय तीच, मग पाहुणे उठून का गेले? कांटचे उत्तर असे की निसर्गसौंदर्यात आपल्याला एक बौद्धिक आस्था असते, आणि ती थेट नैतिक भावनेशी नाते सांगते. ते सौंदर्य खरोखर निसर्गाचेच असायला लागते. हे कलम वाचून ५९व्यावर या, जिथे सौंदर्य हे नैतिक शिवाचे प्रतीक ठरते. मग कांटला ‘केवळ आकारवादी’ म्हणण्याची हिंमत होणार नाही. भाषांतरांबद्दल थोडक्यात: बर्नार्डचे १८९२चे भाषांतर जुने असले तरी फुकट मिळते, प्लुहरचे १९८७चे नवख्याला सोपे जाते, गायर आणि मॅथ्यूज यांचे २०००चे प्रबंधात संदर्भ देताना वापरावे.

‘कलेसाठी कला’ या घोषणेचे पितृत्वही कांटवर लादले जाते. फडके-खांडेकर वादाच्या आठवणी ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला ती घोषणा घरचीच. तिची पहिली ज्ञात लेखी नोंद कुठे सापडते? फेब्रुवारी १८०४मध्ये, वायमार मुक्कामी, बेंजामिन कोन्स्तां या फ्रेंच लेखकाच्या खासगी रोजनिशीत. त्या दिवशी तो हेन्री क्रॅब रॉबिन्सन या इंग्रज तरुणाबरोबर जेवला होता. रॉबिन्सन येनाला शेलिंगच्या व्याख्यानांना बसलेला, आणि जेवताना बोलणे निघाले ते कांटच्या सौंदर्यविचारावर. म्हणजे कांटचा विचार शेलिंगच्या वर्गातून एका इंग्रजाच्या तोंडी आला आणि एका फ्रेंचाच्या वहीत तीन शब्दांचा होऊन बसला. त्याच नोंदीत कोन्स्तां पुढे लिहितो की जे साध्य कलेने ठरवलेलेच नसते, ते तिला गाठता येते. घोषणा तेवढी जगभर फिरली. पुढचे वाक्य रोजनिशीतच राहिले.

शिलरची सौंदर्यशिक्षणावरची पत्रे त्याची स्वतःचीच, पण तीही दुसऱ्यांदा लिहिलेली. १७९१मध्ये तो अतिशय आजारी पडला. तेव्हा ऑगुस्टेनबुर्गचा डॅनिश राजपुत्र आणि डेन्मार्कचा एक मंत्री यांनी त्याला तीन वर्षांसाठी वार्षिक तनखा बांधून दिला. त्या उपकाराची उतराई म्हणून १७९३मध्ये त्याने राजपुत्राला पत्रे लिहिली. पुढच्या वर्षी कोपनहेगनच्या राजवाड्याला आग लागली आणि मूळ पत्रे जळाली. शिलरने सगळा मजकूर नव्याने रचून १७९५मध्ये आपल्या ‘डी होरेन’ या नियतकालिकात छापला. सत्तावीस पत्रे आहेत. सहावे आधी वाचा. श्रमविभागणीने माणसाचे कसे तुकडे पडले, याचे इतके धारदार वर्णन मार्क्सच्या आधी क्वचितच कुणी केले असेल. मग पंधरावे, क्रीडाप्रेरणेचे. अकरा ते चौदा ही पत्रे रुक्ष आहेत, ती नंतर घ्यावीत. शेवटच्या पत्रात सौंदर्याचे राज्य कुठे आहे असा प्रश्न येतो आणि उत्तर मिळते, की मोजक्या निवडक वर्तुळांत. फ्रेंच क्रांतीचा रक्तपात बघून सुरू झालेल्या युक्तिवादाने इतक्या लहान दारातून बाहेर पडावे, याचा मला प्रत्येक वाचनात राग येतो. तरीही इंग्रजी वाक्यरचनेची सवय असलेल्याला या संपूर्ण परंपरेत शिलरइतका वाचनीय लेखक नाही.

सुरुवातीला ज्याचा उल्लेख केला, तो कागद आता. १९१३मध्ये बर्लिनच्या राजग्रंथालयाने लिलावात एक हस्तलिखित पान घेतले. दोन्ही बाजूंनी लिहिलेले, सुरुवात वाक्याच्या मधूनच. फ्रान्झ रोझेनत्स्वाइगने ते १९१७मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याला ‘जर्मन चिद्वादाचा सर्वांत जुना आराखडा’ असे भारदस्त नाव दिले. हस्ताक्षर हेगेलचे. रोझेनत्स्वाइगच्या मते विचार शेलिंगचे, इतर काहींच्या मते ह्योल्डरलिनचे, आणखी काहींच्या मते हेगेलचेच. तिघे ट्युबिंगेनच्या धर्मशास्त्र-विद्यालयात एकत्र शिकलेले, त्यामुळे कोणता विचार प्रथम कोणाला सुचला हे त्यांना तरी सांगता आले असते की नाही, कोण जाणे. दुसऱ्या महायुद्धात पान नाहीसे झाले आणि पुढे क्राकूवच्या ग्रंथालयात सापडले. त्यातले म्हणणे असे: बुद्धीची सर्वोच्च कृती ही सौंदर्याची कृती आहे, आणि सामान्य जन व तत्त्वज्ञ यांना जोडायचे तर बुद्धीची स्वतःची एक नवी पुराणकथा रचावी लागेल. पुढच्या तीसेक वर्षांतले सगळे वाद या पानात बीजरूपाने आहेत. इंग्रजी भाषांतर दोनेक पानांचे आहे. कांटनंतर लगेच हेच वाचावे.

शेलिंगची ‘कलेचे तत्त्वज्ञान’ ही व्याख्याने येना आणि व्युर्त्सबुर्ग इथे १८०२ ते १८०५च्या दरम्यान झाली, पण छापली गेली १८५९मध्ये. तोवर शेलिंगला जाऊन पाच वर्षे झाली होती. काम मुलाने केले. इंग्रजीत ती १९८९मध्ये आली. त्यांतली सूत्रमय मांडणी अभ्यासकाला लागते, वाचकाला नाही. वाचकाने शेलिंगच्या १८००च्या ‘सिस्टिम’ या ग्रंथाचा शेवटचा भाग घ्यावा, ज्यात पंचविशीतला शेलिंग कलेला तत्त्वज्ञानाचे साधन ठरवतो, आणि त्यानंतर १८०७मध्ये म्युनिकच्या अकादमीत त्याने केलेले भाषण. कलाकाराने निसर्गाची घडलेली रूपे उतरवून काढू नयेत, घडवणाऱ्या शक्तीशी स्पर्धा करावी, असे त्यात तो सांगतो. कोलरिजने या भाषणातून भरपूर उचलले. त्यामुळे इंग्रजी साहित्य शिकलेल्यांना ते ओळखीचे वाटते.

हेगेलकडे आलो की हाताचा प्रश्न ऐरणीवर येतो. सौंदर्यशास्त्रावर त्याने हायडेलबर्गला १८१८मध्ये आणि बर्लिनला १८२०-२१, १८२३, १८२६ आणि १८२८-२९ या सत्रांत व्याख्याने दिली. १८३१मध्ये तो वारला. पुस्तक आले १८३५ ते १८३८मध्ये, तीन खंडांत, आणि ते सिद्ध केले हाइनरिख गुस्टाव होथो या शिष्याने. हेगेलच्या वह्या आणि विद्यार्थ्यांची टिपणे एकत्र करून त्याने एकसंध ग्रंथ उभा केला. त्या वह्या पुढे जवळजवळ सगळ्या हरवल्या. हेगेल वर्गात कसा बोलत असे याचे वर्णन होथोनेच लिहून ठेवले आहे: खाली मान घालून बसलेला, मोठ्या वहीची पाने पुढे-मागे चाळणारा, सतत खोकणारा, प्रत्येक वाक्य ओढून काढल्यासारखे बोलणारा. आणि ग्रंथातला हेगेल कसा? प्रवाही, सुडौल, प्रत्येक संक्रमण रेखीव.

ही तफावत आनेमारी गेथमान-झीफर्ट यांनी उचलून धरली. विद्यार्थ्यांची टिपणे तपासून त्यांनी दाखवले की ग्रंथातले बरेचसे घोटीवपण आणि कलाकृतींवरचे अनेक शेरे होथोचे असावेत. सौंदर्य म्हणजे चित्तत्त्वाचे इंद्रियगोचर प्रकटन, ही जी व्याख्या सगळी गाईडे हेगेलच्या नावावर देतात, तीही टिपणांत मिळत नाही असे त्यांचे म्हणणे. गंमत म्हणजे १८२३चे सर्वांत चांगले टिपण खुद्द होथोचेच आहे. ते १९९८मध्ये जर्मनमध्ये आणि २०१४मध्ये रॉबर्ट ब्राउन यांच्या भाषांतराने इंग्रजीत आले. तरुण होथोची वही प्रौढ होथोच्या ग्रंथाशेजारी ठेवून वाचण्याची सोय आज आपल्याला आहे. तुलना करताना एकच विषय निवडावा, नाही तर वाहून जाल. माझे मत विचाराल तर गेथमान-झीफर्ट पुराव्यापेक्षा दोन पावले पुढे जातात. होथोचा ग्रंथ टाकून देण्यासारखा नाही, पण त्यातले एखादे वाक्य ‘हेगेल म्हणतो’ असे बिनधास्त लिहिण्याचे दिवस संपले.

नवख्याने बोझांकेने १८८६मध्ये भाषांतरित केलेली फक्त प्रस्तावना वाचावी. पेंग्विनने ती स्वतंत्र काढली आहे. ‘कलेचा अंत’ तिथेच भेटतो. हेगेलचे म्हणणे एवढेच, की सर्वोच्च सत्य कलेतून कळण्याचा काळ मागे पडला. कला संपली असे तो म्हणत नाही. हाच माणूस ड्रेस्डेनची चित्रे बघायला पुन्हा पुन्हा जात होता आणि १८२४मध्ये व्हिएन्नात रोसिनीच्या ऑपेरांनी वेडा झाला होता. नंतर नॉक्सचे १९७५चे दोन खंड, पण सलग नव्हे. बाराशेंवर पाने आहेत. पहिल्या खंडात आदर्शाच्या चर्चेत म्युरिलोच्या भिकारी पोरांवरचा परिच्छेद शोधा. एका चित्रात आई पोराच्या डोक्यातल्या उवा काढते आहे आणि तो निवांत पाव चावतो आहे. दुसऱ्यात फाटक्या कपड्यांतली दोन पोरे टरबूज आणि द्राक्षे खात आहेत. त्या दारिद्र्यात हेगेलला ऑलिंपसच्या देवांची बेफिकिरी दिसते. चिद्वादी माणूस चित्राकडे नीट बघत नाही, हा समज इथे टिकत नाही. डच चित्रांवरची पाने त्याच जातीची.

भारतीय कलेवरची पाने मात्र सावधपणे वाचावीत. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेला वाचक तिथे अडखळणारच. हेगेलने आपल्या कलेला ‘प्रतीकात्मक’ या पहिल्या पायरीवर बसवले, तेही भाषांतरांच्या आणि प्रवासवर्णनांच्या आधाराने. शाकुंतलाचे कौतुक करतो, पण एकूण निकाल बदलत नाही. संतापून पुस्तक मिटण्याऐवजी पार्थ मित्तर यांचे ‘मच मॅलाइन्ड मॉन्स्टर्स’ हे १९७७चे पुस्तक सोबत ठेवावे; युरोपीय नजर कशी घडली हे त्यात कळते.

समीक्षाग्रंथ कमीत कमी वापरावेत. काई हामरमाइस्टरचे ‘द जर्मन ॲस्थेटिक ट्रॅडिशन’ नकाशा म्हणून पुरते. अँड्र्यू बोवीचे ‘ॲस्थेटिक्स अँड सब्जेक्टिव्हिटी’ अधिक खोल जाते आणि संगीताला न्याय देते, हे विरळा. मराठीत पाटणकरच. १९७४ची ‘सौंदर्यमीमांसा’ आणि ‘कांटची सौंदर्यमीमांसा’ ही दोन पुस्तके इंग्रजी ग्रंथांची उसनवारी नाहीत. कांटशी बरोबरीच्या नात्याने घातलेला वाद त्यांत आहे. बँकवाल्या गृहस्थांना मी तेच सांगितले: कांटची कलमे वाचा आणि सोडलेल्या पानापासून पाटणकर पुन्हा धरा.

आणि ही यादी कायमची समजू नका. २०२२मध्ये क्लाउस फीवेग यांना म्युनिकच्या आर्चडायोसिसच्या संग्रहात हेगेलच्या व्याख्यानांची टिपणे सापडली. फ्रीडरिख विल्हेल्म कारोवे या विद्यार्थ्याने हायडेलबर्गला घेतलेली, चार हजारांवर पाने. त्यांत १८१८च्या सौंदर्यशास्त्राच्या व्याख्यानांचाही समावेश आहे. त्यांचे संपादन हे वर्षानुवर्षांचे काम आहे. ती हाती आली की वर हेगेलविषयी लिहिलेले परिच्छेद पुन्हा लिहावे लागतील.