एचएमटी, पण मनगटावरचं नव्हे

तुमच्या ऑफिसात एक तरी असा महाभाग असेलच. स्मार्टवॉच सहज परवडत असूनही मनगटावर जुनं एचएमटी बांधणारा. जनता, नाहीतर पायलट. रोज सकाळी चावी देतो, कॅन्टीनमध्ये कुणी विचारलं की खुलतो आणि 'आता ही मिळत नाहीत बरं का' हे वाक्य हमखास टाकतो. जपानच्या सिटिझनच्या मदतीने १९६१ मध्ये बंगळुरूला सुरू झालेला घड्याळांचा तो संसार सरकारने २०१६ मध्ये गुंडाळला.

आमच्या घरीही एक एचएमटी आहे. फक्त ते मनगटावर मावत नाही. त्याला दोन सिलिंडर आणि चार चाकं आहेत आणि ते धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात, आमच्या शेतातल्या बाभळीखाली उभं असतं. एचएमटी २५११. गावात त्याला नुसतं 'येचमटी' म्हणतात.

घड्याळवाल्या कंपनीने ट्रॅक्टर बनवले हे ऐकून पुण्यातल्या माझ्या मित्रमंडळींचे चेहरे बघण्यासारखे होतात. पण एचएमटी म्हणजे मुळात हिंदुस्तान मशीन टूल्स. १९५३ मध्ये सुरू झालेली सरकारी कंपनी, काम यंत्रं बनवणारी यंत्रं बनवायचं. घड्याळं नंतर आली, ट्रॅक्टर त्याहूनही नंतर. १९७१ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला चेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉर कंपनीच्या सहकार्याने २५ हॉर्सपॉवरचा २५११ निघायला लागला. ट्रॅक्टरचा तो कारखानाही २०१६ मध्येच बंद करायचा निर्णय झाला. चेकोस्लोव्हाकिया तर १९९३ मध्येच नकाशावरून गेला. म्हणजे बनवणारा कारखाना नाही, डिझाइन देणारा देश नाही आणि ट्रॅक्टर मात्र आहे. आहे ना भन्नाट?

आजोबांनी तो १९७८ मध्ये भूविकास बँकेच्या कर्जावर घेतला. तो काळच वेगळा होता. ट्रॅक्टर थोडे आणि मागणी जास्त, म्हणून १९७१ मध्ये सरकारने त्यांच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण आणलं होतं. पैसे घेऊन शोरूममध्ये गेलं आणि घेऊन आलं, असा मामला नव्हता. ट्रॅक्टर गावात आला तेव्हा बाया ओवाळायला आल्या होत्या, हे आजी शेवटपर्यंत सांगायची. पुढे गावात मोठमोठे ट्रॅक्टर आले आणि आमचा २५ हॉर्सपॉवरचा गडी 'छोटा' ठरला. मग त्याच्याकडे छोटी कामं आली. भाजीचे वाफे, लिंबाच्या बागेतली मशागत, फवारणी, ट्रॉलीभर कडबा, मळणी यंत्राला पट्टा. मिनी ट्रॅक्टर हा शब्द आपल्याकडे रुळायच्या आधीच तो मिनी ट्रॅक्टर झाला होता.

अमेरिकेत अशा छोट्या ट्रॅक्टरांचं वेड आहे. गार्डन ट्रॅक्टर म्हणतात त्यांना. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट, जॉन डीअरचा ११०, सगळे १९६० च्या दशकातले. रिटायर्ड मंडळी ते गॅरेजमध्ये खोलतात, मूळ रंगाची शेड आणि मूळ स्टिकर शोधत महिनोन् महिने घालवतात आणि मग जत्रेत मिरवतात. याच इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६३ मध्ये महिंद्र आणि व्होल्टासबरोबर भारतात कंपनी काढली. तिचा बी-२७५ कांदिवलीत बनायचा आणि महिंद्रच्या नव्या मॉडेलांच्या नावात तो २७५ चा आकडा अजून टिकून आहे. घराणं एकच, पण एका शाखेच्या वाट्याला लॉन आलं आणि दुसरीच्या वाट्याला नांगरट.

आमच्याकडे मात्र हा छंद नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तर तो सरळ घरखर्चाचा प्रश्न झाला.

त्या महिन्यात मराठवाड्यात काय पाऊस झाला हे तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. परंडा आणि भूम तालुक्यांत तर माणसं हेलिकॉप्टरने उचलून आणायची वेळ आली. ज्या भागाची ओळखच दुष्काळी, तिथे सीनेचं पाणी शिवारात पसरलं. आमचं काढणीला आलेलं सोयाबीन गेलं, ओढ्याकडची दीड एकर जमीन खरडून निघाली आणि येचमटी दोन रात्री पाण्यात उभा राहिला. बॉनेटच्या वर पाणी होतं.

मी चार दिवसांनी पोचले. ट्रॅक्टरच्या सीटवर वाळलेला गाळ आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेलं कुणाच्या तरी शेतातलं सोयाबीन. शेजारी आमचे मिस्त्री उभे. सत्तरी ओलांडलेले, आजोबांच्या वेळेपासून हा ट्रॅक्टर तेच खोलतात. त्यांनी पहिल्याच दिवशी दम भरून ठेवला होता, "चावीला कुणी हात लावला तर हात मोडीन." यात नुसता तापटपणा नव्हता. सिलिंडरमध्ये हवा असेल तर ती दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पाणी भरलेल्या इंजिनाला स्टार्टर मारला की पिस्टन वर येतो, त्याला जागा मिळत नाही आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. मग दुरुस्ती दहा हजारांची राहत नाही.

आता खरा पेच. माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, शेती तोच बघतो. त्याचं म्हणणं होतं की हा भंगारात द्या आणि नवा घ्या. मुहूर्तही बघा कसा, २२ सप्टेंबरपासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला होता. त्याच्या हातात कोटेशन होतं साडेपाच लाखांचं. पॉवर स्टिअरिंग, तेलात बुडालेले ब्रेक, बरी सीट. मी 'आजोबांचा ट्रॅक्टर' वगैरे सुरू केल्यावर तो शांतपणे म्हणाला, "तू फोटो काढतीस ताई, बसायचं मला असतंय." बिनतोड होतं ते. जुन्या ट्रॅक्टरवर दिवसभर बसून कंबरेचं काय होतं ते त्यालाच माहीत. पुण्यात बसून वारसा जपा म्हणायला काही पडत नाही.

पण नव्या ट्रॅक्टरबरोबर हप्ता येतो. सहामाही हप्ता पाऊस बघून थांबत नाही. डोक्यावर पीककर्ज, हातात सोयाबीन नाही, जमिनीवर माती नाही. काका रात्री अंगणात एवढंच म्हणाले, "ट्रॅक्टर बंद पडला तर ढकलता येतो. हप्ता नाही ढकलता येत." दादा काही बोलला नाही. सकाळी उठून मिस्त्रींना त्यानेच विचारलं, "खोलला तर किती लागतील?"

तर मंडळी, बुडालेला ट्रॅक्टर जिवंत कसा करतात ते सांगते. तुमच्या बाइकलाही कधी उपयोगी पडेल.

आधी बॅटरीच्या वायरी सोडायच्या. मग इंजिनाच्या चेंबरचा बोल्ट खोलायचा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून आधी पाणी येतं आणि मग तेल. तेल दुधाळ चहासारखं दिसत असेल तर दोन्ही एकत्र घुसळलं गेलंय असं समजायचं. आमचं इंजिन बंद असताना बुडालं म्हणून पाणी वेगळं राहिलं होतं. गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल, हायड्रॉलिक, डिझेलची टाकी, सगळं रिकामं. नोझल काढून इंजिन हाताने फिरवायचं, की सिलिंडरमधलं पाणी पिचकारीसारखं उडतं. मग स्वस्तातलं तेल भरून, फिरवून, पुन्हा काढून टाकायचं. आम्ही हे तीनदा केलं. क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली होती, ती सोडवण्यात एक अख्खा दिवस गेला.

या इंजिनाची एक गंमत आहे. त्याचे लाईनर, म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो ती नळकांडी, ओढून बाहेर काढता येतात. त्यांच्या बाहेरून पाणी फिरतं आणि खाली रबरी रिंगा ते तेलात उतरू देत नाहीत. इंजिन झिजलं तर ब्लॉक फेकायचा नाही, लाईनर-पिस्टनचा सेट बदलायचा. झेटॉरने ही मालिकाच अशी आखली होती की दोन, तीन आणि चार सिलिंडरच्या मॉडेलांत शक्य तेवढे पार्ट सारखेच राहावेत. त्यामुळे कारखाना बंद झाला तरी पार्टांना गिऱ्हाईक उरलं, आणि गिऱ्हाईक आहे तिथे बनवणारा असतोच. आमचा सेट बार्शीच्या दुकानदाराने लुधियानाहून मागवला.

माझ्याकडे काम काय? वही. कुठला बोल्ट कुठून निघाला, कुठली वायर कुठे जाते, सगळ्याचं चित्र काढायचं आणि फोटो घ्यायचे. मिस्त्रींना हे कधी लागलं नाही, सगळं त्यांच्या डोक्यात. म्हणूनच मी लिहीत होते. ट्रॅक्टरचं छापील पुस्तक केव्हाच उंदरांनी संपवलंय. मिस्त्रींचं ज्ञान कुठे छापलेलंच नाही. नोझलमधून डिझेल धुक्यासारखं उडालं तर चांगलं, नळासारखं गळलं तर बदला. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे तेल जळतंय. रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी घालू नका, आत क्षार बसतात, पावसाचं साठवा. एअर क्लीनरच्या वाटीतलं तेल बघत चला, आपल्याकडची धूळ तिथेच अडकली पाहिजे. अशी चौसष्ट पानं भरली.

एका दुपारी मी त्यांना विचारलं, "काका, डायनामोच्या जागी कारचा अल्टरनेटर, सीट दुसऱ्याची, मडगार्ड गावातल्या वेल्डरचं, आता लाईनर-पिस्टनही नवे. मग यात मूळचं राहिलं काय?" त्यांनी हात पुसले आणि चासीवर बोट ठेवलं. "नंबर."

अमेरिकन छंदिष्टाला हे ऐकून चक्कर येईल. पण त्याला ट्रॅक्टर होता तसा करायचाय आणि आम्हाला उद्या लागेल तसा. कागदोपत्रीही त्या नंबरावरच गाडी चालते. शेतीचा ट्रॅक्टर नोंदणीत १५ वर्षं चालतो, पुढे दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यावी लागते. आमचं पुस्तक इतक्या वेळा वाढवलंय की शिक्क्यांना जागा उरलेली नाही.

एकूण खर्च झाला ८२ हजार. त्यात माझ्या तीन लेखांचं मानधनही गेलं. फ्रीलान्सर लोकांना कळेल, ते मिळायलाच चार महिने लागतात. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात डिझेल भरलं. पाइपमधली हवा काढायला दादाने स्क्रू ढिले केले आणि फेस थांबेपर्यंत हातपंप मारला. दोन प्रयत्न फुकट गेले. तिसऱ्याला आधी पांढरा धूर आला, मग एक सिलिंडर बोललं, मग दुसरं. मिस्त्री टाळ्याबिळ्या वाजवत नाहीत. डोळे मिटून मिनिटभर आवाज ऐकला आणि म्हणाले, "टॅपेट बघावे लागतील."

त्यानंतर त्याने पहिलं काम काय केलं असेल, तर खरडलेल्या दीड एकरावर माती वाहिली. ट्रॉलीमागून ट्रॉली, तीन आठवडे. ज्वारीला उशीर झाला, पण पेरली. मोठी नांगरट आता भाड्याच्या ट्रॅक्टरने होते, बाकीचं येचमटी बघतो. दादाने कोटेशन फाडलेलं नाही, कपाटात ठेवलंय. पुढची दोन पिकं धड आली तर तो नवा घेणार आहे आणि घ्यावाच, त्याच्या कंबरेसाठी. तोवर मी कंबरेखाली घ्यायची गादी पाठवलीय. ती येचमटीवरची सर्वांत नवी वस्तू आहे.

वही आता दादाकडे असते. परवा त्याने व्हॉट्सअॅपवर एका पानाचा फोटो पाठवला. माझ्या चित्राखाली त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, 'ही वायर तू उलटी काढलीस असं वाटलं होतं, पण बरोबर आहे. मिस्त्रींना विचारलं.' पासष्टावं पान सुरू झालंय.