जवसाचा सदरा

आमच्या पुतण्याने नाटकासाठी अठराव्या शतकातील युरोपियन गृहस्थाचा सदरा हवा म्हणून हट्ट धरला, तेव्हा आम्हांस प्रथम हसूच आले. तसल्या सदऱ्यांच्या हुबेहूब प्रती परदेशी दुकानदार आजही शिवून विकतात. परंतु किंमत ऐकून आम्ही मुकाट्याने पिपरी मेघे येथील आमच्या म्हाताऱ्या शिंप्याची वाट धरली.

मूळ कापड लिननचे. लिनन म्हणजे दुसरे तिसरे काही नसून जवसाच्या सालीतील तंतू! ज्या जवसाची चटणी आम्ही वैदर्भीय भाकरीशी आवडीने खातो, तेच हे रोप. मात्र सुतासाठी उंच, कमी फांद्यांचे वाण पेरतात, आणि आमचे बुटके वाण तेलापुरते. तेव्हा तो नाद सोडून आम्ही वर्ध्याची खादी घेतली. ज्या गावी १९३८ साली गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले, तेथे खादीस काय तोटा?

शिंप्यापुढे नकाशा पसरून आम्ही व्याख्यान आरंभिले. अंगाचा एकच लांब पट्टा, खांद्यावर दुमडलेला, बाह्या सरळ चौकोनी, गळ्याशी चुण्या, चीर छातीपर्यंतच, म्हणून सदरा डोक्यावरून घालावयाचा. गोलाई कोठेही नाही, कारण हातमागाचे कापड मोलाचे, त्याची चिंधीही वाया जाता कामा नये. (त्या काळी हे अंतर्वस्त्र समजत, नुसत्या सदऱ्यावर चारचौघांत येणे असभ्यपणाचे. पुतण्यास हे सांगून उपयोग झाला नाही.) बगलेतील चौकोनी तुकड्यापाशी आम्ही येतो न येतो तोच म्हातारा म्हणाला, “गुरुजी, हे त आमच्या आज्याचंच कुडतं होय! हा चौबगला.” त्याने कात्री बाजूस ठेवली, कापडातून एक धागा ओढून काढला आणि त्या रेषेवर खादी सरळ फाडली. आमचे व्याख्यान तेथेच संपले.

आमच्या वडिलांचेही तसलेच एक कुडते होते. ते गेल्यावर सायकल पुसावयास म्हणून आम्हीच त्याच्या चिंध्या केल्या. सारे कुडते सहज फाटले; बगलेपाशी मात्र काही केल्या फाटेना. हात उचलताना सारा ताण त्या तिरक्या बसविलेल्या चौकोनावर येतो, आणि तो ताण सोसण्यासाठीच तो तेथे असतो, हे तेव्हा आम्हांस ठाऊक नव्हते. आम्ही चिडून कात्री लावली होती.

पुतण्याचे नाटक बरे झाले म्हणतात. उरलेल्या खादीचे एक कुडते आम्ही स्वतःसाठी शिवावयास टाकले आहे. चौबगला दुहेरी घालण्यास सांगितले आहे.