एका अक्षराची जागा

मराठवाड्यातील बहुतेक जुन्या घरांत एखादी तरी अशी पत्र्याची पेटी असते, की तिच्यातील कागद घरातील कोणालाच वाचता येत नाहीत. निजामाच्या राजवटीत सरकारदरबारचे दस्तऐवज उर्दूत होत; सावकाराच्या वह्या आणि कुलकर्ण्यांची टिपणे मोडीत असत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट गेली, शाळांतून बाळबोध स्थिरावली, आणि ज्या कागदांवर घराची जमीन उभी होती ते कागद दोन पिढ्यांत मुके झाले. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या वृद्धांची मराठवाड्याला पुन्हा आठवण झाली. शाई शाबूत होती, कागदही शाबूत होता; वाचणारा तेवढा उरला नव्हता.

आमच्या घरातील पेटी पत्र्याची नव्हती, ती संगणकाची होती, एवढाच काय तो फरक.

आमचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी कयाधूच्या काठावरील गावांच्या आठवणी लिहून काढल्या. जात्यावरची गाणी, विहिरींची नावे, कोणाच्या लग्नात कोणता तंटा झाला, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर कोण कोण होते, असे सगळे त्यात होते. १९९९ साली, म्हणजे परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला त्याच वर्षी, हे लेखन एका डीटीपी केंद्रात टंकित झाले. पुस्तक छापण्याइतका पैसा मात्र कधी जमला नाही. २००३ साली वडील प्रभूच्या घरी गेले. हस्तलिखिताच्या वह्या वाळवीने खाल्ल्या. उरल्या त्या फाइली. त्या एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जात राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे फॉन्टही जात राहिले. दरवर्षी वडिलांच्या पुण्यतिथीची मिस्सा झाली की घरी येऊन आम्ही आईला त्यातील एक प्रकरण वाचून दाखवीत असू. आईला आता दिसत जवळजवळ नाही. ऐकू मात्र आमच्यापेक्षा स्वच्छ येते.

गेल्या पावसाळ्यात संगणक फारच कुरकुरू लागला. तो एका कारागिराकडे गेला आणि सर्व प्रणाली नव्याने घालून परत आला. फाइली त्याने जपून ठेवल्या होत्या. एकही हरवली नव्हती. पहिली फाइल उघडली तेव्हा मात्र पडद्यावर इंग्रजी अक्षरे, टोपी घातलेले स्वर, पौंडाचे चिन्ह, उलटे प्रश्नचिन्ह, असा नुसता खच पडला होता. पृष्ठांची संख्या तीच, परिच्छेद तेच, प्रकरणाच्या शीर्षकाखाली सोडलेली जागाही तीच. भाषा तेवढी निघून गेली होती. आई म्हणाली, ‘‘वाच की रे.’’ काय वाचणार?

येथे थोडे तांत्रिक सांगणे भाग आहे; आणि ज्या घरांत रौप्यमहोत्सवी स्मरणिका, गायनाची पुस्तके किंवा आजोबांची पत्रे जुन्या संगणकावर पडून आहेत, त्यांनी ते कंटाळा न करता वाचावे अशी विनंती आहे.

संगणक अक्षर साठवीत नाही, क्रमांक साठवतो. जुन्या काळी एका फॉन्टात जेमतेम २५६ क्रमांकांची सोय होती आणि त्यांतील पहिले अर्धे इंग्रजीने व्यापलेले होते. मराठी बसवायची कोठे? तेव्हा फॉन्ट तयार करणाऱ्यांनी इंग्रजीच्याच क्रमांकांवर मराठी आकार बसवले. उत्तरेत फार चालणाऱ्या कृतिदेव या फॉन्टात ‘मराठी’ हा शब्द यंत्राच्या लेखी धाकटा ई, धाकटा जे, धाकटा के, थोरला बी आणि धाकटा एच अशा पाच इंग्रजी अक्षरांचा आहे. त्या फॉन्टाचा चष्मा डोळ्यांवर असेल तर ‘मराठी’ दिसेल. चष्मा काढला की इंग्रजी बाराखडीचा पसारा. शिवाय असा प्रत्येक चष्मा वेगळा. एका कारखान्याच्या फॉन्टातला ‘क’ दुसऱ्याच्या फॉन्टात स्वल्पविरामही असू शकतो. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली भारतीय लिपींसाठी एक सामाईक संकेत प्रमाण ठरवला, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा मिळाल्या. त्यांत ‘क’चा क्रमांक २३२५, आणि तो जगभर तोच. पण विंडोजमध्ये देवनागरीची सोय आली ती विंडोज २००० पासून. त्यापूर्वीचे, आणि सवयीने त्यानंतरची कित्येक वर्षेही, आपले मराठी छपाईचे काम त्या चष्म्यांवरच चालले.

प्रणाली नव्याने घातली की फॉन्टांचे कपाट रिकामे होते. नवे कपाट येते त्यात नवे फॉन्ट असतात, आपले जुने नसतात. आमचे नेमके हेच झाले होते.

म्हणून अशा वेळी घाबरून फाइल पुसू नये, की त्या कचऱ्यावर दुरुस्त्या करून ती जतनही करू नये. प्रथम तिची नक्कल काढावी. मग मजकूर निवडून वर्डच्या पट्टीत फॉन्टाच्या नावाची चौकट पाहावी. फॉन्ट संगणकावर नसला तरी त्याचे नाव फाइलीने धरून ठेवलेले असते. यजमान घरी नसला तरी दारावर पाटी असते तसे. ते नाव हाती लागले की अर्धे काम झाले. फार जुन्या फाइली नवा वर्ड कधी कधी उघडायलाच नकार देतो. तेव्हा लिबरऑफिस हा विनामूल्य मिळणारा कार्यक्रम वापरून पाहावा, तो जुन्यांशी अधिक सोशिकपणे वागतो. मराठी टंकनाच्या पुष्कळ कार्यक्रमांना प्रिंटरच्या जागी मागे लावायचे एक कुलूप असे आणि त्यावाचून तो कार्यक्रम चालत नसे. नव्या यंत्रांना ती जागाच नाही. पण नुसते वाचायचे असेल तर बहुधा तो कार्यक्रम लागत नाही, फॉन्ट पुरतो.

आम्हाला मुख्य फॉन्ट नांदेडच्या एका स्नेह्याकडील जुन्या सीडीवर सापडला. तो बसवताच वडिलांची वाक्ये एका क्षणात जागी झाली. त्या संध्याकाळी दोन प्रकरणे वाचून झाली.

एवढ्यावर थांबावे असे धाकट्या बंधूंचे मत होते, आमचे नव्हते. पुन्हा यंत्र बदलले की पुन्हा हीच शोधाशोध. म्हणून सर्व मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावयाचे ठरले. त्यासाठी फुकट मिळणारी रूपांतरक साधने आहेत आणि ती नव्वद टक्के काम झटक्यात करतात. उरलेल्या दहा टक्क्यांत मात्र मराठीचा जीव असतो. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने नंतर येते. रफाराचे याच्या उलट. ही अदलाबदल कोठे चुकली की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते, आणि बालाघाटाच्या डोंगरात एकाएकी समुद्र येतो. आचाऱ्यांना दिलेले जेवणाचे पैसे आचार्यांना पोचतात. आपल्या लोकांच्या नावांत तर आणखी एक अडचण आहे. ॲग्नेस, ॲन, ॲलेक्स यांतील पहिल्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्यापूर्वी ते ‘अ’वर चंद्र ठेवून लिहीत. दिसायला दोन्ही सारखीच, पण यंत्राला ती वेगवेगळी वाटतात, आणि शोध घेतला की अर्ध्या ॲग्नेस सापडतच नाहीत.

या चुका पडद्यावर डोळ्यांना सहज दिसत नाहीत. त्या आईच्या कानांनी पकडल्या. आम्ही वाचावे आणि तिने हात वर करावा. ‘‘हे तुझ्या बाबांचं नाही’’ असे ती म्हणाली की आम्ही थांबत असू, आणि पाहावे तर खरोखरच तेथे काना खाल्लेला असे किंवा अनुस्वार भलतीकडे गेलेला असे. तीन आठवडे रोज रात्रीच्या रोझरीनंतर हे चालले होते. जात्यावरची गाणी आली तेव्हा तर तिने वाचनच थांबवले आणि स्वतः म्हणू लागली. मध्ये दोन ओळी अशा निघाल्या की त्या वडिलांच्या लेखनात नव्हत्याच. त्या आम्ही समासात घेतल्या आहेत.

लिपी बदलून मजकूर तरतो, याची दोन मोठी उदाहरणे आमच्या डोळ्यांसमोर होती. नामदेव महाराजांचे नर्सी आमच्याच जिल्ह्यातले. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात गुरुमुखी लिपीत आहेत आणि शीख यात्रेकरू नर्सीला येतात. १६०४ साली तो ग्रंथ सिद्ध झाला. त्यानंतर बाराच वर्षांनी, १६१६ साली, गोव्यात राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. सुमारे अकरा हजार मराठी ओव्या, पण सगळ्या रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळेच तेथे नव्हते. पोर्तुगीज वळणाने ‘श’साठी एक्स हे अक्षर योजलेले! १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ साल्डान्हा यांनी तो ग्रंथ रोमनमध्येच पुन्हा छापला. शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने तो देवनागरीत छापून आला तो १९५६ साली. म्हणजे मराठी ओवीला मराठी अक्षरांत छापून येण्यास ३४० वर्षे लागली. स्टीफन्सबाबांनाही आमच्यासारखाच फॉन्टाचा प्रश्न होता असे आम्ही आईला सांगितले. तिने विचारले, ‘‘मग त्यांचं अक्षर गेलं का एखादं?’’

हा प्रश्न तिने का विचारला ते आता सांगितले पाहिजे. पुस्तकाची शेवटची दोन पृष्ठे निराळ्याच, नक्षीदार फॉन्टात होती. टंकन करणाऱ्याने शोभेसाठी तसे केले असावे. त्या फॉन्टाचे नाव चौकटीत दिसत होते, पण तो फॉन्ट कोणाकडेही मिळेना. नांदेड, परभणी, संभाजीनगर, सर्वत्र विचारून झाले. आणि त्या दोन पृष्ठांपैकी एकावर होती १९७२ च्या दुष्काळात वडिलांबरोबर खडी फोडणाऱ्या ४१ माणसांची यादी. ही नावे दुसऱ्या कोठेही लिहिलेली नाहीत. त्या कामाचे हजेरीपट कधीच गेले. माणसेही बहुतेक गेली.

सुदैव असे की दुसऱ्या पृष्ठावर प्रभूची प्रार्थना होती. जर्मन पंडित आडेलुंग यांनी १८०६ पासून निघालेल्या आपल्या ग्रंथात जगातील शेकडो भाषांचे नमुने म्हणून हीच प्रार्थना घेतली होती. आमच्या घरी ती किल्ली म्हणून उपयोगी पडली. ती आम्हा सर्वांना तोंडपाठ आहे. मग पडद्यावरील चिन्हे एका कागदावर ओळीने उतरवली आणि त्यांच्याखाली प्रार्थनेचे शब्द लिहीत गेलो. ‘स्वर्ग’ने रफार दिला, ‘पृथ्वी’ने ऋकार, ‘भाकर’ने भ, ‘क्षमा’ने क्ष, ‘इच्छा’ने छ. यादीत ‘बाई’ आणि ‘राव’ हे शेपटीचे शब्द वारंवार येत होते, त्यांनी खात्री पटवली. गावांच्या नावांवरून आणखी पाच-सहा अक्षरे उलगडली. उरलेली आईने नावे आठवून भरली. आम्ही अर्धे नाव म्हणायचे, तिने पुरे करायचे, आणि त्या माणसाचे घर कोणत्या गल्लीत होते तेही सांगायचे. चाळीस नावे अशी परत आली.

एक्केचाळिसावे एका स्त्रीचे आहे. त्यातील पहिले चिन्ह साऱ्या दोन पृष्ठांत फक्त तेथेच आले आहे. ते ‘ठ’ असावे किंवा ‘ढ’. बाकीची सर्व अक्षरे वापरून झाली आहेत. आईला ती स्त्री चांगली आठवते. तिचे घर विहिरीच्या वरच्या अंगाला होते, ती हातोडा डाव्या हाताने चालवी, आणि सुकडी वाटताना आपल्या वाट्यातली शेजारच्या पोराला देई. पण तिला नावाने कोणी हाक मारीतच नसे. सगळा गाव तिला तिच्या थोरल्या मुलाची आई म्हणूनच ओळखत होता. तिचे स्वतःचे नाव बहुधा मास्तरांनाच, हजेरी घेताना, ठाऊक होते.

आता संपूर्ण मजकूर युनिकोडमध्ये आहे. त्याची पीडीएफही केली, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट फाइलीच्या पोटातच ठेवता येतो. आणि तीन छापील प्रती काढल्या. एक आईजवळ, एक धाकट्या बंधूंकडे, एक पॅरिशच्या वाचनालयात. तिन्ही प्रतींत त्या नावाच्या आरंभी एका अक्षराची जागा कोरी ठेवली आहे. त्या स्त्रीचा नातू वसमतच्या हळदीच्या बाजारात हमाली करतो असे कळले आहे. हळदीचा हंगाम सुरू झाला की धाकटे बंधू तिकडे जाणार आहेत. आईने त्यांना बजावून ठेवले आहे की आजीचे नाव विचारताना रेशनकार्डावरचे विचारू नकोस, घरात हाक मारायचे ते विचार.